सातव्या दिवसाची मोजणी

पत्र सोमवारी आलं.
पत्र कसलं, मोबाइलवरचा कागद,
झेरॉक्सवाल्याकडून पाच रुपयांत काढून आणलेला:
जालना, औद्योगिक वसाहत, सळईची मिल,
प्रयोगशाळा सहायक,
महिना एकवीस हजार पाचशे, पाळी फिरती.
उत्तर सात दिवसांत.

मी अकरा वर्षं बियाण्याच्या कंपनीत बी मोजतो.
ओल्या कागदावर शंभर दाणे, गुंडाळी, वरून रबर.
मक्याची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची सातव्या.
धड रोप, वाकडं रोप, मेलेलं बी.
नऊ ते साडेपाच, तेरा हजार.
पांढऱ्या मुळावरची लव
डोळे मिटूनही बोटांना कळते.

तिथं म्हणे भट्टीतून नमुना येतो,
गार केलेला, बिस्किटाएवढा.
घासायचा, यंत्राखाली धरायचा,
कार्बन किती ते ओरडून सांगायचं.
उगवेल का, असं कुणी विचारत नाही.

मुख्तार तिथंच असतो, चार वर्षं झाली.
त्याला विचारलं, शरीर शिकतं का रे?
"शिकतं की," म्हणाला,
"शिकलं की पाळी बदलती."

बाजूच्या हिवाळेमामांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
अजून अडीचला उठून ओट्यावर बसतात.
खिडकीला काळा कागद तसाच.
दिवसा मोठ्यानं बोलायचं नाही ही सवय
मामी गेल्या तरी
त्या घराच्या भिंतींना राहिली.

मंजुषानं कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला,
शाळेची फी, सिलिंडर, तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन,
आणि खाली एक रेघ ओढून ठेवली, बेरीज न करता.
"जा की. मी कुकर लावणार नाही,
पातेल्यात शिजवीन डाळ, लागू दे तास."
भांडी घासून झाल्यावर, माझ्याकडं न बघता:
"रात्री कडी मपली मलाच लावायची ना पण."

आर्वीनं कॅलेंडर घेतलं.
सकाळ पिवळी, दुपार केशरी, रात्र काळी.
काळ्या आठवड्यातल्या तारखा मग वाचताच येईनात.
त्यातच कुठंतरी तिचा वाढदिवस होता.
स्केचपेन संपलं म्हणून ती रडली,
वाढदिवसासाठी नाही.

शनिवारी रात्री सव्वादोनला नळ आला, अकराव्या दिवशी.
सगळी गल्ली जागी. मोटारी, पाइप, ड्रम,
कुणाची तरी चप्पल वाहून चाललेली.
मी बादल्या उचलत होतो आणि मोजत होतो,
लग्नापासून अशा किती रात्री झाल्या,
कुणी हजेरी घेतली नाही, कुणी एक रुपया दिला नाही.
ओट्यावरून हिवाळेमामा
सगळ्यांच्या ड्रमात बॅटरी मारत होते,
"तुपला भरला, बंद कर, पुढच्याला दे,"
सहा वर्षांत पहिल्यांदा
त्यांच्या आवाजात भोंगा वाजल्यासारखा जोर.
पहाटे चारला मी ओल्या पायांनी आडवा झालो
आणि झोप लागली नाही.
बाजूला मंजुषाही जागीच होती.
आम्ही दोघंही गप्प राहिलो, न ठरवता,
जणू घरात कुणी रात्रपाळीचा माणूस झोपलाय.

आज सोमवार. कामावर गुंडाळी उलगडली.
एक्क्याण्णव धड, पाच वाकडी, चार मेलेली.
त्या पाचांतल्या एकाचं मूळ वर गेलेलं, पान खाली.
असं होतं कधी कधी. रजिस्टरात त्याला वेगळा रकाना नाही.

जेवणाच्या सुट्टीत मिलचा फॉर्म काढला.
नाव. वय. रक्तगट आठवेना, मंजुषाला फोन केला.
शेवटून दुसरी ओळ:
झोपेची काही तक्रार? आहे / नाही.

नाही, लिहिलं.
खाली आजची तारीख टाकली,
आजपर्यंतचंच विचारलंय असं धरून.
शाई ओली होती. बोटाला लागली.
तेच बोट घेऊन
पुढची गुंडाळी उघडली.